रागाबिगर काई ठावं नव्हतं

आमचं मूळ धनगराचं, मेंढरामागं फिरनारं. आज्यानं तळेगाव ढमढेरेच्या शिवारात तुकडा घेतला तवापसून आमी एका जागी बसलो. आई मी लहान आसतानाच गेली. बानं मला कवा मारलं न्हाई, उपाशी ठिवलं न्हाई, पर काय सांगू तुम्हाला, बोललाच न्हाई. साळंत पडून हात मोडला, रडत घरी आलो, तर म्हनला, शेरडं सोड. दुखतंय का आसं कुनी इचारायचं आसतं, ह्येच मला ठावं नव्हतं.

मोठा झालो तसा आंगात नुसता राग. भ्या वाटलं तरी राग, वाईट वाटलं तरी राग. हायवेला हात सोडून मोटरसायकल पळवायची, भीमंला पूर आला की पुलावरनं उडी टाकायची, लोकं वरडायची, तेवढंच कुनीतरी बघतंय आसं वाटायचं. मंग यवतला टेम्पोवर लागलो. ढाब्यावर एकजन हसत म्हनला, तुला वळन लावायला घरी कुनी न्हाई का रं. एवढंच. माझ्या हातात टेम्पोचे नट आवळायचा पान्हा व्हता, त्योच हानला. मानूस वाचला, पर त्याचा डोळा गेला, आन् मला सजा लागली.

जेलात बी त्येच, मारामाऱ्या, भिंतीवर डोकं आपटायचं. एकदा आसंच येगळं कोंडून परत बराकीत आनलं, तवा एक म्हातारा कैदी, आमी त्यास्नी आप्पा म्हनायचो, त्ये शेजारी बसले. काय झालं रं? म्हनलं, राग आला. त्याच्या आदी काय झालं? म्या म्हनलं, बा भेटीला आला व्हता, जाळीपल्याड बसला, घड्याळ बघितलं, उसाला तोड आलीय म्हनला आन् गेला. आप्पा म्हनले, आरं, ह्याला राग न्हाई म्हनत, ह्याला वाईट वाटनं म्हंत्यात.

आता सुटून बरीच वर्सं झाली, लगीन झालं, एक पोरगी झाली, रोजानं कामाला जातो. बा थकलाय, माझ्याकडंच हाय, आजून बोलत न्हाई, त्याच्याशी तरी लहानपनी कोन बोललं आसंल. परवा पोरगी रडत आली, मैतरनींनी खेळात घेतलं न्हाई म्हनून. गप बस, आसं तोंडापतूर आलं. भाईर गेलो, तांब्याभर पानी प्यालो, परत येऊन तिच्याजवळ बसलो. तिनं मांडीवर डोकं ठिवलं, पाय बधिर झाला तरी हाललो न्हाई.

पर सगळं निवलं आसं न्हाई. माझा आवाज जरा चढला की बायको आजून हातातलं काम टाकून आदी पोरीला शेजारी धाडती. धाडू द्या. तिचं बरूबर हाय. पोरगी तेवढी सुखात ऱ्हावी.