सिमेंट ओतायच्या आधी

उलान : जिबेक एजे, ऊठ तिथून! सिमेंट कालवून तयार आहे, अख्खी आळी मदतीला आलीये, आणि तू जमीन गरम ठेवायच्या नळ्यांवर फतकल मारून बसलीस!

जिबेक : मग ओत थोरल्या बहिणीच्या अंगावर! आधी हा जुन्या खोलीतल्या नळ्यांत गरम पाणी फिरवणारा पंप उघडून बघ.

उलान : शी! एवढा चिखल?

जिबेक : चिखल नाही, गंज. तुझा जुना बॉयलर यानंच खाल्ला.

उलान : तो बॉयलरच भिकार होता. म्हणून तर नवा आणला!

जिबेक : आणि जमिनीत नळी मात्र त्याच जातीची! अरे, या साध्या प्लास्टिकमधून हवा झिरपते, पाण्यात मुरते, अन् लोखंडाला लागते.

उलान : पाणी बाहेर येत नाही आणि हवा आत जाते? काहीतरीच!

बुरमा अपा : का रे? फडताळात सोड्याची प्लास्टिकची बाटली राहिली होती. झाकण कुणी उघडलं नाही, तरी सोड्यातला गॅस उडालाच ना?

उलान : अपा, आई असून तूही हिच्याच बाजूची?

बुरमा अपा : मी नातवाच्या बाजूची. परवा सून बाळाला घेऊन नारीनच्या दवाखान्यातून येतेय. गेल्या हिवाळ्यात बॉयलर बंद पडला, तेव्हा घरात बादलीतलं पाणी गोठलं होतं. तसल्या जमिनीवर रांगेल तो?

उलान : मग करू काय? सिमेंट आळत चाललंय!

जिबेक : माझ्या गाडीत दुसऱ्या नळीची वेटोळी आहेत. हा तुकडा बघ. मधे चकचकीत पापुद्रा दिसतो? तो हवा अडवतो.

उलान : आणि कालवलेलं सिमेंट?

बुरमा अपा : गोठ्यात ओता! गाई बिचाऱ्या कायम राड्यात उभ्या. ए दूइशेन, फावडी घे! बाकीचे आत या, या नळ्या उपटा!

उलान : अगं, सावकाश... आली, आली! एजे, बघ, शेजारच्या म्हाताऱ्यासुद्धा ओढतायत!

जिबेक : ओढा! मी मागून नवी अंथरत येते. उलान, वळणावर दुमडू नकोस रे, गोल घे, गोल!

उलान : पुरली! थेट भिंतीपर्यंत पुरली! आता कितीही थंडी पडू दे! ...एजे, पण एवढी नळी तू आणली होतीस कुणासाठी?

जिबेक : ते टोक बांध आधी.

उलान : एजे. कुणासाठी?

जिबेक : आमच्या घरासाठी. घालू पुढच्या उन्हाळ्यात. हा हिवाळा आम्ही दोघं जाड मोज्यांवर काढू.