आरवणारा एल्दो

कोट्टयमच्या बेकरीत नाताळच्या केकसाठी रांग होती. माझ्या पुढे दोन वेगवेगळ्या चर्चच्या संडे स्कूलच्या टीचर होत्या, थोरल्या अलेयम्मा आणि धाकटी जिन्सी.

"जिन्सी, टीचरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तूच लिहिलं होतंस ना, वर्गातला एक मुलगा डोकं उठवतो, प्रार्थना करा म्हणून?"

"हो टीचर! दोनशे जणींनी आमेन पाठवलं, आणि आठवड्यात त्याच्या घरच्यांनी घर बदललं. गेला दुसऱ्या चर्चला. देव ऐकतो हो!"

"ऐकतो तर! हजेरीच्या वेळी कोंबड्यासारखा आरवायचा का गं तो?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"आमच्याच चर्चला आलाय. माझ्याच वर्गात."

"अगंबाई! एल्दो?"

"एल्दोच. पेत्र येशूला तीनदा नाकारतो त्या गोष्टीत कोंबडा शेवटी आरवतो, हा पहिल्या ओळीपासून सुरू!"

"चुकलंच माझं, टीचर."

"ऐक तर. रविवारी मुलांना एकेक प्रार्थना करायला लावली. यानं काय मागितलं असेल?"

"सुट्टी?"

"‘माझ्या जुन्या टीचरचं डोकं दुखायचं, ते थांबू दे.’"

रांग पुढे सरकली. जिन्सी तिथंच उभी.

"टीचर... त्याला माझ्याकडे परत पाठवाल?"

"छे! सगळ्यांत आधी आमेन मी पाठवलं होतं. आता तो माझा."