हर्षूच्या रायफलीचा चाप

मी मूळचा कोरीटचा. शेतीवाडीचं गाव, घरी कापूस, मिरची, भाऊबंद सगळे मातीत रमलेले, पन मले यंत्राची गोडी, लहानपनी घरातलं शिवनयंत्र खोलून बसलो तर माय लाटनं घेऊन धावली, तरी मी ते जोडूनच उठलो. मंग नंदुरबारला आलो, शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान टाकलं, ते आजपावेतो शे, म्हंजे आहे. तुमच्यासमोर शुद्ध बोलायला जातो आन मधीच अहिरानी घुसते, तसंच लिहा, सुधारू नका. काय सांगू तुम्हाला, मशीन मी डोळ्यानं पाहत नाही, कानानं पाहतो. समोर हॉर्न वाजू देत, भाजीवाला बोंबलू दे, बाईनं पायडल मारलं की मी इकडून सांगतो, ताई, तुमची बॉबिन केस, खालच्या दोऱ्याची डबी, गेली. बाया हसतात.

तर हर्षू, हर्षाली, मन्ही एकुलती एक पोर. शाळेत एनसीसीत गेली, तिथं सरांनी हातात रायफल दिली, छऱ्याची, हवेवर चालनारी, कागदावर नेम मारायची. सर घरी आले, म्हनाले, हिचा हात हलतच नाही हो, हिला सोडू नका. आमच्या घरात कोनी गुलेल धरली नव्हती! घेतली तरी जुनी एक रायफल. शेजारची काकू तोंडावर बोलली, पोरले बंदूक काब्रं, कशाला देतस भाऊ, लगीन कोन करी? हर्षू आतून म्हने, काकू, जो घाबरीन तो मले नकोच शे. काकूचं तोंड बघायला हवं होतं. कॉलेजात गेली तोवर राज्याच्या संघाच्या निवडीला बोलावनं यायला लागलं, एकदा थोडक्यात हुकली, सर म्हने पुढच्या वेळेला नक्की, आन ती त्या एका गोष्टीसाठीच जगायची बघा, खानं नाही, फिरनं नाही, निवड, निवड, निवड.

आन मंग ते झालं. मामाकडून, नवापूरहून येत होती. विसरवाडीच्या फाट्यावर जीप उलटी झाली, ट्रकला चुकवायला गेला ड्रायव्हर. बाकीच्यांना खरचटलं, हिच्या उजव्या मनगटात काच घुसली. हात वाचला, देवाची कृपा, पन नस कापली गेली. सुरतच्या डॉक्टरांनी जोडली, नीट समजावून सांगितलं त्यांनी, बोटं हलतील, पन पहिल्या बोटाला स्पर्श कधी कळेल, कळेल का नाही, सांगता येत नाही. चाप ओढायचं तेच बोट, दुसरं कुठलं नाही. घरी आली, चहाचा गरम पेला धरून बसली, बोट लाल झालं, फोड आला, तिला पत्ताच नाही. तिची माय ओरडली तेव्हा तिनं खाली पाहिलं. मी दुकानात जाऊन शटर पाडलं आन खूप रडलो, खोटं कशाला बोलू.

आता चापाचं सांगतो, त्याशिवाय तुम्हाला कळनार नाही. चांगल्या चापात आधी बोट सैल जातं, मंग एक भिंत लागते. तिथं थांबायचं, श्वास धरायचा, नजर बसवायची, आन मंग नुसतं मनात आनलं की सुटतो. सगळा खेळ त्या भिंतीचा. हर्षूच्या रायफलीचा मूळचा चाप गंजलेल्या कडीसारखा होता, पन तिचं बोट शहानं, ती भिंत शोधायचीच. आता बोटालाच भिंत लागेना. ओढत जायची, छर्रा कधी सुटायचा तिला कळायचं नाही, ती दचकायची. डाव्या हातानं करून पाहिलं, पन सारी रायफल उजव्या खांद्याची, नजर उजवी, जमेना. सर म्हनाले, चाप बदलून बघू, बाहेरचे वेगळे चाप मिळतात, बसवता येतात.

नाशकाहून सरांनी दोन आनवले. पहिला बॅटरीवरचा, फुंकर मारली तरी सुटेल इतका हलका. मले वाटलं हाच. हर्षूनं बोट जवळ नेलं, टेकलं का नाही तिलाच समजेना, आन फट्, छर्रा घराच्या भिंतीत, तिची माय देवघरातून किंचाळली. तो परत. दुसरा साधा, लोखंडी, दोन टप्प्यांचा, स्क्रूवर कमीजास्त होनारा. तो मी ठेवला. सर म्हने, फॅक्टरीचा माल शे, हात नका लावू. मी म्हटलं सर, मन्हा जन्म स्प्रिंगा बदलन्यात गेला, मले नका सांगू.

रोज दुकानातून यायचं आन तेच. आधी हलका केला, मंग जड केला, मंग भिंत पुढं घेतली, मागं घेतली. बोटाला काही कळेना. मंग डोक्यात आलं, अरे, बोटाला नाही तर कानाला कळू दे! बॉबिन केसची बारीक पत्ती घासून त्या भिंतीपाशी अशी बसवली की बोट तिथं पोचलं की टक् वाजायचं. बारीकसं. हर्षू बसली, पंखा बंद केला, घरात सगळे चिडीचूप. टक्. थांबली. सुटला. मधोमध! पुन्हा टक्, पुन्हा मधोमध. मी नाचलो हो, या वयात, ओसरीवर नाचलो. तिची माय म्हने, येडा झाया का मानूस. हर्षू मन्हाकडे पाहत बसली होती.

खंडेनवमीला दुकानातली हत्यारं पुजतो आम्ही, मशीन, पाने, कात्र्या. तिच्या मायनं रायफल पाटावर मांडली आन कुंकू नेमकं चापाला लावलं, ओलं कुंकू, भरपूर. झालं, पत्ती चिकटली, टक् बंद. मी लई बोललो तिला, अक्कल शे का नई तुले, नळीला लाव, लाकडाला लाव, चापच सापडला? ती पदर तोंडाला लावून म्हने, मन्ही पोरना बोटले कळत नई ते देवीले तरी कळू दे. मी चाप खोलला आन कुंकू पुसत बसलो.

निवडीला मी सोबत गेलो. मोठा हॉल, ओळीनं पोरंपोरी, आम्ही काचेच्या मागं. एकदम सगळ्या रायफली सुरू झाल्या, फट् फट् फट्, इकडून, तिकडून, पडद्यावर आकडे, पालक बोलताहेत. मी कान लावला, आन मले मन्ही टक् ऐकू आली हो! शप्पथ, त्या गलक्यात आली. मी सरांचा हात दाबला. पन हर्षूचा पहिला छर्रा लांब, दुसरा आनखी लांब. पाठीवरून कळत होतं मले, ती थांबते, वाट पाहते, मंग बोट पुढं जातं आन ती दचकते. अर्ध्यातच तिनं रायफल खाली ठेवली, सरांकडे पाहून मान हलवली. शेवटपर्यंतसुद्धा गेली नाही मन्ही पोर.

परत येताना मी बडबडत होतो, पत्ती जाड करू, आवाज वाढवू, कानाशी काही बांधू. तिनं मन्हा हात धरला. आप्पा, म्हने, तठे हाऊ आवाज ऐकू येनार नई, हाई मले पहिल्या दिवसापासून माहीत व्हतं. मी म्हटलं, मंग बोलनी काब्रं नई? ती म्हने, इतला दिनमा तुम्ही पहिल्यांदा हासनात, ओसरीवर नाचनात, मंग मी काय बोलू? भाऊ, मले तिथंच मेल्यासारखं झालं. जिचं सगळं गेलं ती मले सांभाळत होती, आन मी बाप.

आता हर्षू सरांकडेच शिकवते, नवापूरकडच्या पोरी येतात, हुशार आहेत. त्यातली एक चांगली शे, तिच्याकडे रायफल नव्हती, हर्षूनं आपली दिली. मले म्हने, आप्पा, पत्ती काढा, तिले लागत नई, तिन्हं बोट चांगलं शे. मी काढली. भिंत त्या पोरीच्या बोटापुरती बसवून दिली. त्या पोरीचं भलं होवो, तिची निवड होवो, मी मनापासून म्हनतो.

अधूनमधून चाप ढिला पडतो, मंग हर्षू रायफल दुकानात आनते. मी नीट करतो आन तिच्यापुढं धरतो, बघ गं बाई बसला का. ती आधी उजवा हात पुढं करते. मंग मागं घेते आन डाव्या बोटानं पाहते. दर वेळेला. मी तेवढ्यात दुसऱ्या मशीनला तेल घालायला लागतो.