तिसऱ्या सिलिंडरचे माप

दि. १६/०१/२०२५

नाव गयास रहीमोद्दीन शेख, वय ५४ वर्षे, धंदा मोटार गॅरेज, रा. किराडपुरा, छत्रपती संभाजीनगर.

मी कोणी न बोलावता ठाण्यात हजर होऊन सांगतो की, गेली तीस वर्षे मी जुन्या गाड्यांची इंजिने बांधतो. सेवानिवृत्त प्राध्यापक सुदर्शन डोणगावकर यांची १९६७ सालची दोन सीटची स्पोर्ट्स कार ऑगस्टपासून माझ्याकडे होती. सिलिंडर झिजल्याने ब्लॉक बाहेरच्या बोअरिंगवाल्याकडून बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून कातून रुंद करून, मोठ्या मापाचे पिस्टन टाकायचे ठरले. रविवारी, दि. १२ रोजी, त्यांच्या पत्नी सुलेखाताई यांचा साठावा वाढदिवस होता. त्या दिवशी गाडी देतो, असा शब्द मीच दिला. सरांनी कधी घाई केली नाही.

दि. ९ रोजी जोडणी करताना तिसऱ्या सिलिंडरात पिस्टन तंग बसला. मापून पाहता पिस्टन आणि सिलिंडरमधली फट कमी होती. पिस्टन तापला की फुगतो, जागा नसली तर अडकतो. हे मला माहीत होते. ब्लॉक परत बोअरिंगवाल्याकडे नेला असता तर चार दिवस गेले असते. चालून चालून मोकळा होईल, असे मनाशी म्हणून मी इंजिन तसेच जोडून बंद केले. कोणाला सांगितले नाही.

शनिवारी दोघे गाडी न्यायला आले. खुलताबादपर्यंत जाईल ना, असे सुलेखाताईंनी विचारले. मी म्हणालो, "बिनधास्त जा, ताई."

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास खुलताबादच्या घाटात चढावर इंजिन जाम झाले, मागची चाके जागीच धरली आणि गाडी फिरून कठड्यावर आदळली. सुलेखाताई जागीच मयत झाल्या. सरांवर बेदरकारपणे गाडी चालवल्याचा गुन्हा दाखल आहे.

मंगळवारी मी दवाखान्यात गेलो. सर म्हणाले, "गयासभाई, माझ्याच हातून झालं. क्लच दाबायला उशीर झाला."

मी त्यांना पाणी पाजले. उशी सरळ केली. अर्धा तास बसलो आणि घरी आलो. त्यांना अजून सांगितलेले नाही.

इंजिन आपल्या ताब्यात आहे. उघडल्यास तिसऱ्या पिस्टनवर उभे चरे दिसतील. बोअरिंगवाल्याचा दोष नाही. मोजून घेणे माझे काम होते आणि मी मोजले होते.

हा जबाब मला मराठीतून वाचून दाखवला, मी सांगितला तसाच आहे. शेवटी साहेबांनी अपघात 'तांत्रिक बिघाडामुळे' झाला असे लिहिले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'माझ्यामुळे' असे केले आहे. खाडाखोडीशेजारी माझी सही आहे.

समक्ष
सही/- गयास रहीमोद्दीन शेख