सरांच्या नावाचं झाड

कमलाकर सरांचा शेवटचा दिवस अगदी साधा गेला. सकाळी त्यांनी कॉलेजातल्या रोपांना पाणी घातलं आणि संध्याकाळी चहात साखर कमी पडली म्हणून कुरकुर केली. दुसऱ्या पहाटे ते गेले. महिन्याभराने त्यांची मुलगी इंद्रायणी सिटी बसने घरी निघाली, तेव्हा मागच्या सीटवर सरांच्याच हरित मंडळातली दोन मुलं बोलत होती.

“गुरुराज, हे काय आणलंस? उद्या सरांच्या नावानं गुलमोहर लावायचा?”

“व्हय की. सरांचं लाडकं झाड. मला सारखं ‘काय रे गुलमोहरा’ म्हणायचे.”

“बावळटा, रागवायचे ते तुझ्यावर! गुलमोहर नुसता दिखाऊ, मुळं वरवरची, वारं सुटलं की आडवा. कॅम्पसमध्ये त्यांनी एकही लावू दिला नाही.”

“आता गं उर्वी? सकाळी प्राचार्य येणार, सरांची मुलगी येणार.”

“ती तर बघून उठूनच जाईल.”

“नर्सरी बंद झाली असंल. आन् सर... म्हंजी माझ्यावर रागच होता की त्यांचा?”



इंद्रायणी मागे वळली.

“आमच्याकडे सरांनी कुंडीत वाढवलेला कडुनिंब आहे. तो न्या.”

“तुमी...?”

सरांच्या वर्गात बसायला लागल्यापासून इंद्रायणीने त्यांना घरीसुद्धा सरच म्हटलं होतं.

“राग नव्हता रे. मलाही गुलमोहरच म्हणायचे, माझे बाबा.”