अव्वाच्या मांडीचं माप

मला संशयी म्हणताय ना? मग हे ऐका.

गोकुळ रोडवर आमचं भारी गाड्यांचं शोरूम, आणि बरोब्बर समोर दुसऱ्या कंपनीचं. तिथला जोशी आमच्या सवलतींची माहिती काढायला खोटी गिऱ्हाइकं पाठवायचा. मीही पाठवायचो, ते सोडा.

एकदा दुपारी धोतरातले एक अण्णा आले. चपला दाराशी काढल्या, सगळ्यात महाग गाडीत शिरले आणि मागच्या सीटला गाठी मारलेली सुतळी लावून बघायला लागले.

"अण्णा, हे काय?"

"अव्वाच्या मांडीचं माप. आई आमची मांडी घालूनच बसते बघा."

एवढी गाडी आणि माप सुतळीनं! मी सुतळी काढून घेतली. म्हटलं, "जोशीला सांगा, टेप विकत घे."

संध्याकाळी जोशीचाच फोन. "सकाळी सुतळीवाला हेर तूच पाठवलास ना? हाकललं त्याला!"

पुढच्या आठवड्यात मी आणि जोशी शोरूमसमोरच्या टपरीवर चहा घेत होतो, तर तिसऱ्याच कंपनीची गाडी येऊन थांबली. पुढे अण्णा. मागे अव्वा, मांडी घालून झोपलेली.

अण्णा म्हणाले, "त्यांनी अव्वालाच आणायला सांगितलं. ती सीटवर बसली, झोपली, कुणी उठवलं नाही. घेतली गाडी. माझी सुतळी तेवढी द्या, आता तिला त्याच मापाचा झोपाळा करायचाय."

जोशी ओशाळला. मी नाही. आमच्याच दारात येऊन झोपायचं म्हणजे काय? मी काचेतून वाकून बघितलं.

म्हातारीचा एक डोळा उघडा होता.