फोटोतली टिकटिक

पार्सलच्या खिडकीपुढच्या रांगेत घड्याळवाला दुरुस्त केलेलं एक घड्याळ गिऱ्हाइकाला धाडायला उभा होता. त्याच्या पुढे नणंद-भावजय. नणंदेच्या हातात भिंतीवरचं नवंकोरं घड्याळ, बंद.

"ऑनलाइन मागवलंस? परवाच तर ग्रुपवर लिहिलंस, भेटवस्तू घ्या तर गल्लीतल्या दुकानातूनच."

"मग, वहिनी? छोटी दुकानं जगायला नकोत? त्रेसष्ट जणांना पटलं."

"तुला सोडून."

"गेले होते की गल्लीतल्या घड्याळवाल्याकडे. तासभर बसले. त्यानं आठ घड्याळं चालू करून ऐकवली, कुठल्याची टिकटिक झोपमोड करत नाही ते. फार मनापासून दाखवतो हो. मग एकाचा फोटो काढला आणि घरी येऊन तसंच दिसणारं मागवलं."

"आणि आलं बंद."

"म्हणून परत करतेय. नाहीतर त्यालाच दाखवते. गल्लीतलाच माणूस, फुकटात बघून देईल."

"त्याच्याकडून न घेतलेलं?"

"त्याला काय कळतंय? सारखी मान खाली. चेहरे कुठे बघतो तो?"

घड्याळवाला खाकरला.

"ताई, मागे सेलपाशी प्लास्टिकची पट्टी असेल. ती ओढून काढा."

"अय्या, तुम्ही? मान वर केलीत की ओळखूच येत नाही."

तिनं पट्टी ओढली. घड्याळ इतक्या मोठ्यानं टिकटिकत सुटलं की रांगेतली चार डोकी वळली.

"हे एवढं वाजतं?"

"तुम्ही निवडलेलं नव्हतं वाजत," घड्याळवाला म्हणाला. "पण फोटोत टिकटिक येत नाही."